मोटारी बघायला येताना भरती बघून या

पौष लागला, पहाटे अंगणातल्या बादलीला हात लावला की बोटं आखडू लागली, की मला फोन यायला लागतात. "मॅडम, भिवंडीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं म्हणे, कसं यायचं?" "गाडी लावायला जागा आहे का?" "सासऱ्यांना घेऊन आलं तर बसायला खुर्ची मिळेल ना?" मी गाड्यांच्या कुठल्याही मंडळाची कोणी नाही. मला साधी स्कूटर चालवता येत नाही. जन्म शाळेत शुद्धलेखन तपासण्यात गेला. पण एका हिवाळ्यात मी पाहुण्यांसाठी पानभर सूचना लिहून दिल्या होत्या, आणि त्याखाली माझा नंबर टाकायचा आगाऊपणा आमच्या बाळारामने केला होता. त्या पानाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स अजून कुणाकुणाच्या पाकिटात असाव्यात. ते प्रदर्शन एकदाच झालं, पुन्हा झालं नाही, हे मी फोनवर सांगते. तरी माणसं विचारतातच, आणि मीही सांगत बसते. शिक्षकाला प्रश्न विचारला की त्याला गप्प बसवत नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मानकोली नाक्याच्या दोन्ही अंगांना भाताची शेतं होती, तिथं गोदामांचे पत्रे चढत होते. बाळाराम हा माझ्या सासऱ्यांचा पुतण्या. त्यानंही आपल्या वाटणीच्या जमिनीवर गोदाम बांधलं. रंग झाला, शटर बसलं, भाडेकरू यायला अजून महिना होता. रिकामी जागा आणि रिकामा वेळ दोन्ही माणसाला भरीस घालतात. बाळारामला जुन्या मोटारींचा नाद. मुंबईच्या कुठल्याशा गॅरेजात त्याची अशाच चार नादिष्टांशी ओळख झाली, आणि एके संध्याकाळी तो आमच्या ओटीवर येऊन म्हणाला, "काकी, पुढच्या रैवारी माझ्या गोदामात साठ-साठ वरसांच्या म्हाताऱ्या येनार हायेत. नटूनथटून."

"मंग मी पन येतंय," माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आई म्हणते. आई वाल निवडत होत्या, मान वर न करता बोलल्या. "मना कोन बघाया येल ते बघू."

पाहुणे शंभरभर तरी येणार, त्यातले बहुतेक भिवंडीत पहिल्यांदाच. "वहिनी, तुमी टेमघरच्या, तुमाला शेर म्हायती. चार ओळी लिवून द्या," बाळाराम म्हणाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मनात म्हणत मी कागद घेतला. ओटीवर जो तो सांगू लागला.

पहिली सूचना माझीच होती. माझं माहेर टेमघरचं, कापडाच्या लूमच्या आवाजात लहानाचे मोठे झालेलो आम्ही. म्हणून लिहिलं, शहरातून येणार असाल तर गाडीला पॉलिश गोदामात पोचल्यावर करा. लूमच्या गल्ल्यांतून कापसाची बारीक फूस उडत असते आणि ताज्या पॉलिशवर ती अशी बसते की मालक रडकुंडीला येतो. दुसरी, शिफ्ट सुटायच्या वेळी गल्लीत शिरू नका. एक पाळी निघते, दुसरी शिरते, मधे सायकली, चहाचे ग्लास, डबे आणि एखादी बकरी. हॉर्न वाजवून उपयोग नाही, खटखटीत तो कुणालाच ऐकू जात नाही. तिसरी, कुणाला 'इथं पाहण्यासारखं काय आहे' असं विचारू नका. भिवंडीकर आधी सांगेल, 'कुछ नहीं है साहब.' मग तुम्हाला जुन्या बंदराकडे नेईल, लाकडी सज्जांची घरं दाखवील, कुठल्या घरातून पूर्वी कुठल्या देशाला तांदूळ जायचा ते सांगेल, मशिदीच्या हौदातले मासे दाखवील आणि तुमचं प्रदर्शन चुकेल.

जेवणावरून वाद झाला. बाळारामचं म्हणणं, गोदामात भाजी-पुरी ठेवू. आमच्या ह्यांचं म्हणणं, भिवंडीत येऊन भाजी-पुरी खाल्ली तर आपली अब्रू गेली, त्यांना बंदराकडच्या गल्लीत कबाब खायला पाठवा. आई म्हणाल्या, "कोलंबी हाय, तांदलाची भाकर हाय, आपल्या घरा कोनी उपाशी जातंय का?" शंभर माणसांना? "हां, शंभर. हलदीला किती यतात?" आमच्याकडे हळदीला किती माणसं येतात ह्याची मोजदाद कुणी करत नाही, त्यामुळे हा मुद्दा तिथंच संपला.

आणि लाइट. त्या काळात भारनियमन असं चालायचं की कधी जाईल हे सांगता यायचं, कधी येईल हे नाही. बाळाराम म्हणाला, ते लिहू नका, लोक येणार नाहीत. मी मात्र लिहिलं. 'दुपारी वीज जाईल तेव्हा घाबरू नका. त्याच वेळी आपापल्या गाड्या सुरू करा. सगळ्या भिवंडीचे लूम एकदम थांबतात आणि मग इंजिनाचा आवाज नीट कानावर येतो.' टेमघरला आम्ही भावंडं लहानपणी त्या शांततेची वाट पाहायचो. तेवढ्या वेळात आमची माहेरची आई आम्हाला ओरडायची ते ऐकू यायचं, आणि ती गायची तेही.

"आता रस्ता लिवा," बाळाराम म्हणाला. "नाक्यावरून कसं वलायचं ते."

"रस्ता लिवायचा न्हाय," कोपऱ्यातून आवाज आला. माझे सासरे, नाना, तोवर जाळं सांधत बसले होते. "रस्ता सांगायचा न्हाय. मी नाक्यावं हुबा ऱ्हातंय. गारीत बसून न्हेतंय एकेकाला."

आमच्या गावात गाडीची गारी होते, आणि नाना कुणालाही रस्ता सांगत नाहीत, हे मला लग्न होऊन आल्याच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. टपालवाला असो की निवडणुकीवाले, कुणी पत्ता विचारला की नाना हातातलं काम टाकून त्याच्या बरोबर चालू लागत. थेट दारापर्यंत पोचवून येत. मला वाटायचं, खाडीकाठची रीत असेल. रीत होतीही थोडी, तालुक्यात पत्ता विचारलात तर माणूस दार उघडून तुमच्या शेजारी येऊन बसतो, तेव्हा दचकू नका, अशी सूचना मी त्या पानात घातलीच आहे. पण नानांचं कारण वेगळं होतं, आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आईंचं माहेर शेलारच्या बाजूचं. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावात मोटार आली नव्हती. नवरी यायची ती बैलगाडीतून किंवा खाडीतून होडीनं. नानांनी हौसेनं कल्याणहून भाड्याची मोटार ठरवली, काळी, लांब नाकाची. नवरी मोटारीतून येणार म्हणून गाव गोळा झालं. भटजींनी पंचांग पाहून सकाळचा मुहूर्त काढला होता, पुनवेचा. खाडीत जन्म काढलेल्या ह्या माणसांना तिथी सांगितली की भरती सांगता येते, तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीचा तास मिळतो, पुनवेला तो दुपारचा. पण त्या दिवशी सगळ्यांनी पुनव ऐकली ती मुहूर्ताची, भरतीची कुणाच्या डोक्यातच आली नाही. ऐन दुपारी वरात गावात यायच्या खाऱ्या बांधापाशी पोचली तेव्हा उधाणाचं पाणी बांधावर चढलेलं. ड्रायव्हर परका. त्यानं विचारलं, गाडी जाईल का? मुंडावळ्या बांधलेले नाना खाली उतरले, बांध पाहिला, ह्याच बांधावरून आपण रोज बैलगाडी नेतो एवढंच त्यांना आठवलं, आणि म्हणाले, "जाईल." मग दारात पुढं जाऊन वर्दी द्यावी म्हणून ते पायीच निघाले.

मोटार मधोमध रुतली. नवरीला उतरवलं आणि गुडघ्याएवढ्या चिखलातून बाया तिला घेऊन आल्या. शालूचा रंग कळेना. असं दारात कसं आणायचं म्हणून तिला तशीच मागच्या विहिरीवर नेलं, धुतलं, दुसरं लुगडं नेसवलं आणि सैपाकघराच्या दारानं घरात घेतलं. पुढच्या दारी भाकरतुकडा घेऊन उभी असलेली नणंद उभीच राहिली. तांदळाचं माप उंबऱ्यावर तसंच. पंगत खोळंबली होती, कुणीतरी ते माप उचलून आत नेऊन ठेवलं.

आईंनी हे मला एकदा वाल सोलता सोलता सांगितलं होतं. रडत नव्हत्या, उलट मोटारीतून ड्रायव्हरला कसा दोरीनं ओढला ते सांगताना हसत होत्या. लोकांनी वर्षानुवर्षं चिडवलं, त्याचं त्यांना काही नव्हतं. "लोकांचा काय, त्यांना तेवरंच काम," म्हणाल्या. मग हातातली शेंग तशीच धरून बोलल्या, "पन मी या घरात फुडल्या दारानं आलेच न्हाय गं. एकदा मोटारीतून यवून दारात उतरायचं व्हतं. कोरड्या पायानं." घर त्यांचंच होतं. त्या दारातून त्या दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करत. पण मला त्यांचं म्हणणं कळलं. मला आत घेताना माप माझ्यासमोर ठेवलं ते आईंनीच, आणि किती जपून ठेवलं होतं ते मी पाहिलं होतं.

तर त्या संध्याकाळी नाना म्हणाले, रस्ता लिहायचा नाही. मग त्यांनी विचारलं, "रैवारी कंची तिथ?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पुनव.

 बाळारामनं रविवार धरला होता तो पाहुण्यांच्या सुट्टीसाठी. आई वालाचं सूप घेऊन आत गेल्या. नाना जाळ्याकडे पाहत म्हणाले, "तवा येवरंच लिवा. गाव बघाया याचं तर सकाली या, न्हायतर पानी उतरल्याव या." मी ते लिहिलं. सबंध पानात एवढंच एक वाक्य नानांचं आहे, आणि त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

त्या रविवारची थंडी मला अजून अंगावर जाणवते. नाक्यावर धुकं होतं, ट्रेलरचे दिवे धुक्यातून पिवळे दिसत होते, आणि त्यांच्यामधून ह्या म्हाताऱ्या एकेक येत होत्या. हिरवी, लाल, दोन रंगांची, छत नसलेली. नाना स्वेटरवर मफलर गुंडाळून नाक्यावर उभे. आली मोटार की हात वर, दार उघडलं की आत. गोदामापर्यंत पोचवायचं आणि पायी परत. सकाळभर ते एवढ्या मोटारींत बसले की बाळाराम म्हणाला, काका, तुमच्यासारखा शौकीन मुंबईत नाय. ट्रेलरवाले थांबून पाहत होते. एका क्लीनरनं खाली उतरून एका मोटारीच्या पितळी हॉर्नला हात लावला आणि मालकाकडे पाहून हसला. मालकानं त्याला वाजवू दिला.

आई आणि मी रिक्षानं गोदामात गेलो. आई जांभळी सहावारी नेसल्या होत्या, नाकात नथ. "लगीन हाय का कुनाचं?" बायांनी विचारलं. "हाय," आई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. नव्या सिमेंटच्या फरशीवर मोटारी ओळीनं लागल्या होत्या. पाहुण्या बायका पर्स सांभाळत, आमच्या बाया पदर सांभाळत, सगळ्या हिंदी-मराठीची सरमिसळ करून एकमेकींशी बोलत. मालकमंडळी पिवळ्या फडक्यांनी सारखी फूस टिपत होती, म्हणजे माझी पहिली सूचना कुणी वाचली नव्हती.

आई एका मोटारीपुढे थांबल्या. काळी, लांब नाकाची.

"हीच ती," त्या म्हणाल्या.

मोटार दादरच्या एका निवृत्त दंतवैद्यांची होती. उंच, खाकी पॅन्ट, बोलायची हौस. ते म्हणाले, "आजी, ही माझ्या वडिलांनी पुण्यात घेतली. कल्याणला ही कधीच नव्हती."

"मंग हिची भन असंल," आई म्हणाल्या. त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला, काढला. डॉक्टरांनी "बसा ना आत" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "नको, हितं नको." आणि दुसरीकडे बघू लागल्या. मला त्यांची दया आली आणि रागही आला. सगळ्या जन्मात ह्या बाईनं स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलं नाही, आणि मी मागितलेलं त्यांना चाललं नसतं.

दुपारी लाइट गेली. नाक्यापलीकडचे लूम थांबले, आणि त्या शांततेत कुणीतरी पहिली मोटार सुरू केली. मग दुसरी.  डॉक्टरांनीही काळी मोटार सुरू केली. आवाज खर्जातला, सावकाश. नाना शेवटची गाडी पोचवून आत येत होते, ते दारातच थांबले. त्यांनी आईंकडे पाहिलं. नथ पाहिली, जांभळी साडी पाहिली. सकाळी घरातून निघताना ते अंधारात निघाले होते, तेव्हा त्यांनी हे काही पाहिलं नव्हतं.

मग नाना सरळ डॉक्टरांकडे गेले. "डाक्टर, एक काम हाय. माझ्या मंडलीला घरा सोरायची हाय. तुमच्या गारीनं. फुडल्या दारात."

डॉक्टर म्हणाले, "आनंदानं. पण लगेच निघूया नाना. हिचे दिवे मिणमिणते आहेत, मला उजेडात दादर गाठायचंय."

लगेच म्हणजे भरतीत. हे तिथं आम्हा तिघांनाच कळलं. मला वाटलं नाना म्हणतील, राहू द्या, पाणी उतरू द्या. आईंनीही तसंच काही म्हणायला तोंड उघडलं. नानांनी मागचं दार उघडून धरलं. आई बसल्या, त्यांच्या शेजारी मी, पुढे नाना. आतल्या कातड्याला नॅप्थलीनचा वास होता. आईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

बांध आता बांध राहिला नव्हता, डांबरी झाला होता. पण खाडीला ते कुणी सांगितलेलं नसतं. वळणावर पोचलो तर मधल्या टप्प्यात रस्ता दिसेना, दोन्हीकडच्या पाण्याशी एक झालेला. ऊन पडलं होतं आणि पाणी चमकत होतं. डॉक्टरांनी गाडी थांबवली.

"नाना, गाडी जाईल का?"

 मी मागून फक्त त्यांची मान पाहत होते. आईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. जाईल की नाही ह्याची भीती त्यांना नव्हती, नानांना पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला ह्याचीच होती. "ऱ्हाव द्या हो," त्या हळूच म्हणाल्या. "मी चालत जातंय. सवय हाय मना."

नाना दार उघडून उतरले. चपला त्यांनी गाडीतच ठेवल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरले. पायानं रस्त्याची कड चाचपत, एकेक पाऊल टाकत, मधोमध. पाणी पोटरीपर्यंतच आलं. थोडं पुढं जाऊन ते वळले आणि डॉक्टरांना हातानं खूण केली, माझ्या मागनं. डॉक्टरांनी पहिला गियर टाकला. इतक्या हळू गाडी चालवता येते हे मला माहीत नव्हतं. पुढे नाना, त्यांच्या मागे ती काळी मोटार, दोन्ही बाजूंना चाकांनी सरकवलेलं पाणी. पलीकडे सुकं लागलं तरी नानांनी गाडीत बसायचं नाव घेतलं नाही. गावात शिरलो तरी ते तसेच पुढं चालत राहिले, घरापर्यंत. ओटीओटीवर बाया उभ्या राहिल्या. कुणी चिडवलं नाही.

मी उडी मारून आत पळाले. तांदळानं माप भरलं, उंबऱ्यावर ठेवलं. भाकरीचा तुकडा घेतला, तांब्या भरला. सुनेनं सासूला आत घ्यायचं, ह्याची रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. मी माझ्या मनाची केली.

बाहेर येऊन बघते तर आई गाडीतच.

दार उघडं होतं, डॉक्टर बाजूला उभे होते, पुढचं दार, माप, सगळं समोर होतं. चाळीसेक वर्षं ज्या दारात उतरायचं होतं त्या दारात आल्यावर आई उतरेचनात. त्या नानांकडे पाहत होत्या. नाना अंगणात उभे, पोटऱ्यांना चिखल, थंडीनं ओठ जरा निळे, काय करावं ते न कळून मफलर सोडत नि गुंडाळत.

"अवो," आई म्हणाल्या. "या ना. बसा हितं."

"पाय भरलंत," नाना म्हणाले. "डाक्टरांची गारी..."

"धुता येते हो गाडी," डॉक्टर म्हणाले.

"तवा पन तुमी फुडं निंगून गेलांव," आई म्हणाल्या. "मी येकलीच बसलेली. या."

नाना आले. आई सरकल्या, त्यांना जागा केली. दोघं त्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसले, समोर बघत, फोटोला बसतात तसे. डॉक्टरांनी त्यांच्या बाजूचं दार हळूच लावलं आणि ओटीवर येऊन टेकले. गाडी कुठं जायची नव्हती. गल्ली आमच्या दारातच संपते.

मी भाकरतुकडा हातात धरून उभी राहिले. जरा वेळानं आईंनी काच खाली केली.

"सूनबाय, ते तांदूल ऱ्हाव दे तितंच, मी येतंय," त्या म्हणाल्या. "पयला चा आन. यांचं पाय गार परलंत."